क्लीनरच्या बाजूला

घाटनांदूरच्या बाजारगल्लीत रुद्रेशचं किराणा दुकान आहे आणि त्या दुकानाचा डावीकडचा सिमेंटचा खांब दर दोन महिन्यांनी नव्यानं फुटतो. मालाचा टेम्पो मागे घ्यायला लागला की गल्लीतली सगळी रिकामी मंडळी जमा होतात. "येऊ द्या, येऊ द्या," असं एका सुरात ओरडतात आणि टेम्पो खांबाला टेकला की एका सुरात गप्प होतात. समोरच्या लिंबाखाली शेळ्या घेऊन बसलेला बंकट तेवढा काही बोलत नसे. टेम्पोचा रिव्हर्स गिअर पडला की तो उठायचा, शेळ्यांना हाक मारायचा आणि गल्लीतून चालता व्हायचा.

रुद्रेशला ह्याचा राग येई. हा माणूस सव्वीस वर्षं ट्रकवर क्लीनर होता, हे अख्ख्या गावाला माहीत होतं.

"बंकटमामा, ट्रकवर सव्वीस वर्सं नुसता च्याच पेलात का?" तो गल्ल्यावरून ओरडायचा. "दोन शब्द सांगायला काय जातंय तुमचं?"

"इसरलो रे समदं," बंकट म्हणायचा आणि हसायचा.

आता सव्वीस वर्षं केलेलं काम कोणी विसरत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. बंकटला ते विसरायचं होतं, एवढं मात्र खरं.

तो धनगराच्या घरचा. लहानपण बापाच्या मेंढरांमागे गेलं. माळाच्या ह्या टोकावरून त्या टोकाला हाक पोचवणारा गळा तेव्हाच तयार झाला. पुढे एका दुष्काळात मेंढरं विकावी लागली आणि विसाव्या वर्षी तो अर्जुनरावांच्या ट्रकवर चढला. ट्रक अर्जुनरावांचा स्वतःचा, चालवायचेही स्वतःच. बंकट त्यांना उस्ताद म्हणायचा. थंडीत साखर कारखान्याला ऊस, बाकीच्या दिवसांत आष्टीकडचा कांदा, नाहीतर सिमेंट. काच पुसणं, टायरवर टॉमीची लोखंडी दांडी आपटून हवा ओळखणं, स्टोव्हवर पिठलं टाकणं आणि दुपारी उस्तादाला पेंग येऊ नये म्हणून गावातल्या भानगडी रंगवून सांगणं, हे सगळं त्याचंच काम. पण खरं काम डावीकडचं. ड्रायव्हर बसतो उजवीकडं. डावीकडं काय आहे ते बघायचं क्लीनरनं. पहिल्याच दिवशी उस्तादानं त्याला बजावलं होतं, "तोंडानं काय बी सांगत बसू नको. पत्रा वाजीव. दोनदा हात मारला का मी चाललो, एकदा मारला का थांबलो." तेव्हापासून डाव्या दारावर बंकटच्या हातानं रंग उडून एक गोल डाग पडला होता आणि दोनदा रंग देऊनही तो परत उमटला.

ड्रायव्हर का नाही झालास, असं लोक विचारत. एकदा उस्तादानं त्याला मोकळ्या रस्त्यावर बसवलंही होतं. गाडी त्यानं बरी चालवली, पण मान सारखी डावीकडं. समोरून येणारी एसटी त्याला दिसेपर्यंत उस्तादाच्या काळजाचं पाणी झालं. दोघांनीही तो प्रयोग पुन्हा केला नाही.

मग अकरा वर्षांपूर्वीची जानेवारीतली ती सकाळ आली. कारखान्याच्या गाडीतळावर धुकं होतं. उस्ताद ट्रक मागे घेत होते. मागे सटवाची बैलगाडी सोडलेली होती. सटवा आष्टीकडचा ऊसतोड्या, आणि त्याचा एक बैल ऐन वाटेत बसकण मारून होता. बंकटचा उजवा तळहात आदल्या दिवशी तारेच्या दोरानं फाटला होता, त्यावर फडकं गुंडाळलेलं. डाव्या हातानं तो बैलाचा कासरा ओढत होता. पत्रा वाजवायला हात नव्हता, म्हणून तो ओरडला. ट्रक थांबला नाही. बैल गेला. सटवा बैलाची शिंगं धरून लेकरासारखा रडला आणि जमलेल्या माणसांसमोर अर्जुनराव म्हणाले, "मी काय करू? किलीनरनं सांगितलंच न्हाई."

बंकट काहीच बोलला नाही. उस्तादाच्या शब्दापुढं तो कधीच बोलला नव्हता. आणि खरी गोम पुढेच होती. दोन-चार दिवसांत त्याला स्वतःलाच खात्री वाटेना. आधी कासरा ओढला, का आधी ओरडलो? "थांबा" हा शब्द तोंडातून वेळेवर निघाला, का ट्रक अंगावर आल्यावर निघाला? कितीही आठवलं तरी धुकंच दिसायचं. उस्तादानं पदरच्या पैशानं सटवाला दुसरा बैल घेऊन दिला आणि बंकटकडं त्याचा उल्लेखही केला नाही, त्यामुळे तर तो आणखीच मिंधा झाला. त्या हंगामानंतर तो ट्रकवर चढला नाही. शेळ्या घेतल्या. अर्जुनराव समोर आले की "रामराम उस्ताद" म्हणायचा, ते मान हलवायचे, बस्स. त्यानंतर बंकटनं कुठल्याही गाडीला "येऊ द्या" म्हटलं नाही. हे का, ते फक्त त्याच्या बायकोला, साखराबाईला ठाऊक होतं.

त्यांची मुलगी स्वप्ना तेव्हा तेरा वर्षांची होती. आता ती अंबाजोगाईला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी घरी बसून नव्या नव्या गेमची मराठीत ओळख करून देणारे व्हिडिओ टाकते. चार-पाच हजार लोक बघतात. साखराबाईला वाटतं, एवढे लोक बघतात तर पोरीनं केस तरी नीट विंचरून बसावं.

यंदा तिनं शर्यतीच्या गेमसाठी जुनं स्टेअरिंग आणि पायातले पेडल मिळवले. भंगारातून जीपची सीट आणली, हरिओम वेल्डरकडून तिला लोखंडी अँगलची चौकट करून घेतली आणि तो सगळा संसार पडवीत मांडला. शेळ्यांची अर्धी जागा गेली. बंकट कुरकुरला, पण सीट बघून गप्प झाला. रेक्झिन फाटलेली, मध्ये खड्डा पडलेली ती सीट बघून त्याला बरंच काही आठवलं असणार.

गेम अगदी नवा होता, स्टॉक कारच्या शर्यतीचा. नाव इंग्रजीत लांबलचक. स्टॉक कार म्हणजे अमेरिकेतल्या धिप्पाड शर्यतीच्या गाड्या. बत्तीस गाड्या एका लंबगोल रस्त्यावर घिरट्या घालतात आणि कायम डावीकडंच वळतात. बाकी काही नाही. स्वप्ना तीन दिवस खेळली आणि वैतागली. स्टेअरिंगला मस्त वजन येत होतं, इंजिनाचा आवाज छातीत बसत होता, गाडी घासली की पत्रा खराखुरा चेपत होता. पण दहा फेऱ्या झाल्या की जांभई यायची. ज्यांनी ज्यांनी गेमची ओळख टाकली होती ते सगळे एकच म्हणत होते, नुसतं डावीकडं वळायचं, कंटाळा येतो. आपण वेगळं काय सांगणार, हा तिला प्रश्न पडला होता.

रविवारी दुपारी शेळ्यांना पाला टाकून बंकट सहज तिच्यामागे येऊन उभा राहिला.

"आगं, ह्यो ड्रायव्हर किलीनरच्या जागंवर कावून बसलाय?"

"अमेरिकेत स्टेअरिंग डावीकडं असतं, दादा."

"मंग किलीनर कुटं बसतो?"

"किलीनर नसतोच. एकटाच असतो तो."

बंकटला त्या ड्रायव्हरची कीव आली. पण तो हलला नाही. थोड्या वेळानं म्हणाला, "उजव्या अंगाचे टायर आदी जातील बग हिचे. समदा भार तिकडं जातोय." स्वप्नानं टायरचं चित्र उघडून बघितलं. उजवीकडचे दोन्ही लालभडक झाले होते. तिनं मान वळवून बापाकडं नीट बघितलं.

"आन ही मोकळ्यात कावून पळवतीस? पुढच्या गाडीच्या आडोशाला जा. वारं ती खाईल. आमी सोलापूर रोडला कंटेनरच्या मागं असंच लागायचो, डिझेल वाचायचं."

तिनं तसं केलं आणि गाडी खरंच झपाट्यानं पुढं सरकली. पोरीला हुरूप आला. बंकटनं बाजेवरची उशी ओढून घेतली आणि तिच्या डाव्या बाजूला खाली बसकण मारली.

एवढ्यात पडद्यावर पिवळा झेंडा फडकला. पिवळा रंग दिसल्याबरोबर बंकटचे हात आपोआप जुळले. "येळकोट येळकोट जय मल्हार!" तो मोठ्यानं म्हणाला आणि कपाळाला हात लावला.

"दादा," स्वप्नाला हसू आवरेना, "पिवळा म्हणजे अपघात झालाय. तीन गाड्या भिंतीवर गेल्यात."

"मंग आपल्या देवाचा रंग हितं कावून लावला?" बंकट खजील होऊन म्हणाला. नंतर जेवढ्या वेळा झेंडा निघाला तेवढ्या वेळा त्याचे हात अर्धवट वर आलेच. खोड लवकर जात नाही.

शर्यत पुन्हा सुरू झाली. तेव्हा त्याला मघापासून कानावर येणारा एक आवाज जाणवला. कोणी बाप्या इंग्रजीत तुटक तुटक बोलत होता.

"ह्यो कोन मधीमधी बोलतोय?"

"स्पॉटर. तो प्रेक्षकांच्या गॅलरीच्या छतावर उभा असतो. ड्रायव्हरला कडेचं काही दिसत नाही ना, पट्ट्यांनी जखडलेला असतो. मग हा वरून सांगतो, आतल्या बाजूला गाडी आहे, बाहेर आहे, आता मोकळं आहे."

बंकट उशीसकट पडद्याच्या आणखी जवळ सरकला.

"म्हंजे किलीनरच की," तो म्हणाला. "आन त्येला छतावर उबं केलंय?"

"हो. कानाला यंत्र लावून."

"आन ड्रायव्हर त्येचं ऐकतो?"

"ऐकावंच लागतं. नाही ऐकलं की संपलं."

ते त्यानं तिच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं. गाडी चालवणाऱ्याचं सगळे ऐकतात. पण गाडी न चालवणाऱ्या माणसाचा शब्द इतका मोलाचा असतो, आणि तेही अमेरिकेत, हे त्याला फार आवडलं. आवडलं म्हणण्यापेक्षा त्याला भरून आलं.

स्वप्नाला आपल्या बोलण्यावर तो इंग्रजी आवाज नको होता. व्हिडिओसाठी माईक चालू होता. तिनं स्पॉटर बंद केला आणि पुढं निघाली. वळणावर आतून एक निळी गाडी घुसली. तिला ती दिसली नाही.

"आत हाय!" बंकट ओरडला. "आत हाय, आत हाय… घासू नको… आता मोकळं! घे!"

चुलीजवळ भाकरी थापणारी साखराबाई पिठाच्या हातांनी पडवीच्या दारात येऊन उभी राहिली. अकरा वर्षांनी तिनं तो आवाज ऐकला होता. नवरा शर्यत संपेपर्यंत ओरडत राहिला आणि पोरगी बत्तीस गाड्यांमध्ये सातवी आली. भाकरी तव्यावर करपली, त्याचं साखराबाईनं त्या दिवशी कोणालाच काही म्हटलं नाही.

स्वप्नाला तिचा व्हिडिओ सापडला होता. "दादा, खरा ड्रायव्हर बसवू इथं! अर्जुनकाकांना बोलावते. ते चालवतील, तुम्ही सांगा."

बंकटचा चेहरा उतरला. साखराबाई म्हणाली, "नगं गं बाई, कशाला जुनं उकरून काडतीस." आणि मग पोरीला सगळं सांगावंच लागलं. बैल, धुकं, सटवा. स्वप्ना ऐकून हिरमुसली. राहू द्या, म्हणाली.

पण बंकट विचार करत बसला होता. "हितं समदं टेप व्हतं ना?" त्यानं विचारलं. "गाडी कवा कुटं व्हती आन मी कवा काय बोललो, ते समदं मागनं दिसतं?"

"दिसतं. सेकंदासकट."

"मंग बलाव उस्तादाला. मला बगायचंय. माजा सबुद येळंवर निगतो का न्हाई, ते मला एकदा बगायचंय."

अर्जुनराव पुढच्या रविवारी आले. अडुसष्ट वर्षांचे, धिप्पाड, इस्त्रीचा पांढरा सदरा. ट्रक कधीच विकला होता. दिवसभर टीव्ही बघायचे, आणि त्यांच्या टीव्हीवरच्या बातम्या अर्ध्या गल्लीला घरबसल्या कळायच्या. जीपच्या सीटवर बसून त्यांनी स्टेअरिंगवर हात ठेवला आणि नकळत गिअरची दांडी शोधायला हात खाली नेला. बंकट तिपाई घेऊन त्यांच्या डावीकडं बसला. दोघंही एकमेकांकडं बघत नव्हते. स्वप्नानं माईक बंकटच्या सदऱ्याला लावला आणि इंजिनाचा आवाज त्यात शिरू नये म्हणून स्पीकर अर्जुनरावांच्या उजव्या कानाशी ठेवला.

"ही डावीकडनं चालवायची? ह्या किलीनरच्या जागंवरून?" अर्जुनराव म्हणाले. "कटीण हाय बे."

पण हात जुना होता. दोन फेऱ्यांत त्यांनी गाडी ताब्यात घेतली. वळणावर ब्रेक न मारता पाय नुसता हलका करायचा, हे त्यांना कोणी शिकवलं नाही. "वजनदार हाय," ते खुशीत म्हणाले. "भरल्या उसासारखी वळती." बंकट डावीकडून सांगत होता आणि उस्ताद मजेत चालवत होते. वर आरसा होता, समोर पडदा होता, निभावत होतं. पाचव्या फेरीत एक लाल गाडी आतून आली.

"आत हाय," बंकट म्हणाला. "उस्ताद, आत हाय. थांबा. थांबा, थांबा!"

अर्जुनरावांनी स्टेअरिंग सरळ डावीकडं घेतलं. दोन्ही गाड्या एकमेकींत घुसल्या, मागच्या सहा त्यांच्यावर आल्या आणि पडद्यावर धूर झाला. पिवळा झेंडा निघाला. ह्या वेळी बंकटचे हात जुळले नाहीत.

"मी काय करू?" अर्जुनराव हात झटकून म्हणाले. "तू सांगितलंच न्हाईस."

शब्द तेच.  बंकट तिपाईवर तसाच बसून राहिला. म्हणजे तेव्हाही असंच झालं असणार. आपल्याला वाटतं आपण बोललो, आणि आपण बोललेलोच नसतो.

"काका, दादांनी सांगितलं," स्वप्ना म्हणाली.  "थांबा, ऐकवते." तिनं टेप मागं नेली आणि हेडफोन अर्जुनरावांच्या डोक्यावर बसवला. हेडफोन जुना होता, त्याची उजवी बाजू महिन्यापूर्वीच बंद पडली होती; ती डाव्या बाजूवर काम भागवायची.

अर्जुनराव ऐकत राहिले. "ह्यात काय बी न्हाई," ते म्हणाले.

स्वप्नानं आवाज पूर्ण वाढवला. "आता?"

"न्हाई."

तिनं हेडफोन काढून बापाच्या डाव्या कानाला लावला. बंकट दचकला. त्याचाच आवाज होता, खणखणीत. आत हाय. उस्ताद, आत हाय. थांबा. पडद्यावर लाल गाडी अजून दोन हात लांब होती. स्टेअरिंग हललंही नव्हतं. थांबा, थांबा. मग स्टेअरिंग हललं.

त्यानं टेप तीनदा ऐकली. मग हेडफोन खाली ठेवला, उठला, सीटला वळसा घालून अर्जुनरावांच्या उजवीकडं गेला आणि अगदी हळू, कोणाची झोप मोडू नये अशा आवाजात म्हणाला, "उस्ताद, आता ऐकू येतंय का?"

"येतंय," अर्जुनराव म्हणाले. आणि म्हटल्यावर त्यांना काय झालं ते कळलं. त्यांनी स्टेअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

 बंकटच्या डोक्यात एकामागून एक गोष्टी येत होत्या. गाडीत बोलताना उस्ताद अख्खं तोंड त्याच्याकडं वळवायचे. केवढा मान देतात आपल्याला, असं त्याला सव्वीस वर्षं वाटत आलं होतं. पत्रा वाजीव, तोंडानं सांगू नको. इंजिनाच्या आवाजात तेच बरं, असं त्याला वाटलं होतं.

"दिवाळीत कानाशी सुतळी बॉम्ब फुटला व्हता," अर्जुनराव म्हणाले. "लगीन व्हायच्या आदी. तवापसनं डावा कान बंद हाय. कुनालाच सांगितलं न्हाई. घरच्यांना बी न्हाई. तुजा हात पत्र्यावर पडायचा तो मला पाटीत कळायचा. त्येच्यावरच गाडी चालवली मी."

"आन त्या दिवशी?" बंकटनं विचारलं.

"त्या दिवशी हात पडला न्हाई. मी घेत गेलो मागं." ते थांबले. "खाली उतरून तुजा बांदलेला हात बगितला तवाच समजलो. तू वराडला असशील. पन लोकांपुढं कान सांगितला असता तर दुसऱ्या दिवशी गाडी घरी लावावी लागली असती. म्हनून तुजं नाव घेतलं. चुकलं माजं, बंकट."

बंकटला राग आला. तो रागावणारा माणूस नव्हता, म्हणून त्याचं त्यालाच नवल वाटलं. "अकरा वर्सं, उस्ताद," तो म्हणाला. "अकरा वर्सं मी गाडी बगितली का रस्ता सोडून पळतोय. मला माज्याच तोंडाचा भरवसा न्हाई राहिला." एवढं बोलून तो पडवीतून उतरला आणि शेळ्यांच्या दाव्याशी जाऊन उभा राहिला. साखराबाईनं अर्जुनरावांपुढं चहा ठेवला. त्यांनी कपाला हात लावला नाही. चहावर साय धरली.

बंकट परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते, पण आवाज ठिकाणावर होता.

"मला तुमचं काय बी नको," तो म्हणाला. "सटवाला सांगा. त्यो अजून मला दोष देत असंल."

अर्जुनरावांनी खिशातून फोन काढला. सटवाचा नंबर त्यांच्याकडं होता, आणि अकरा वर्षं होता. त्यांनी फोन उजव्या कानाला लावला. मग विचार बदलला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा मधोमध ठेवला. सटवा आष्टीत होता, बाजारात होता, मागे गलका होता. अर्जुनरावांनी आडवळण न घेता सांगितलं. बैल माज्यानं गेला. किलीनर वराडत व्हता, मला ऐकू आलं न्हाई, मला त्या कानानं येतच न्हाई.

पलीकडं नुसता बाजाराचा आवाज येत राहिला.

"बंकट हाय का तितं?" सटवानं विचारलं.

"हाय," बंकट म्हणाला.

"लई शिव्या दिल्या रं मी तुला. घरात, फडात, जितं तितं. बैलाचं नाव निगालं का तुजं बी निगायचं." सटवाचा आवाज चिरकला. "आता न्हाई द्यायचो."

"बरं," बंकट म्हणाला.  फोन बंद झाल्यावर त्यानं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि तिपाई उचलून सीटच्या उजव्या बाजूला आणून ठेवली.

"बसा, उस्ताद," तो म्हणाला. "शर्यत अर्दी राहिलीय. पोरीचं काम हाय."

त्या शर्यतीत अर्जुनराव एकोणिसावे आले. स्वप्नानं व्हिडिओत बैलाचं काही ठेवलं नाही. ती घरची गोष्ट होती. तिनं ठेवला तो बापाचा आवाज, आणि शेवटी त्याला विचारलेला प्रश्न. गेम कसा वाटला, दादा? बंकटनं नीट विचार करून उत्तर दिलं होतं. "खेळ चांगला हाय. गाडीला वजन हाय, आडोसा खरा हाय, टायर खरे झिजत्यात. नुसतं डावीकडं वळायचं म्हनून लोक नावं ठिवत्यात, पन डावीकडचं बगनं किती कटीण हाय ते त्यांना म्हाईत न्हाई. एकच कमी हाय. गाडीला पत्रा न्हाई. सांगनाऱ्याला हात मारता येत न्हाई."

मंगळवारी सकाळी रुद्रेशचा माल आला. टेम्पोचा रिव्हर्स गिअर पडला, रिकामी मंडळी जमली. रुद्रेशनं सवयीनं लिंबाकडं बघितलं. शेळ्या तिथंच होत्या. बंकट उठून गल्लीच्या मध्यभागी आला होता.

"सरका बे समदे," तो म्हणाला. "एकानंच सांगायचं असतंय."

मंडळी सरकली. तो टेम्पोच्या डाव्या कोपऱ्याशी उभा राहिला, खांबाकडं एकदा बघितलं आणि माळापलीकडं पोचेल अशा गळ्यानं म्हणाला, "येऊ द्या. येऊ द्या. थोडं उजवीकडं. येऊ द्या." टेम्पो मागे येत राहिला. खांब एक हातावर आला, मग वीतभर राहिला.

"थांबा!" बंकट म्हणाला, आणि त्याच दमात उजवा हात उघडा करून पत्र्यावर मारला. टेम्पो जागच्या जागी थांबला.